आधी जीवोबा, मग मालोबा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सुनेला कोथिंबीर निवडून देत होतो. म्हणाले, "काका, तुमच्या फळ्यावरच्या शेपटीवाल्या म्हणींवर काहीतरी खुमासदार लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या." मी लगेच हो म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय मला आयुष्यभर लागली नाही. आता लिहायला बसल्यावर लक्षात येतं की हसण्यासारखं आहे, पण फार पुरणार नाही. ते आधी सांगून टाकतो.

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पाट्या रंगवणारा. वडील शाळेत कारकून, थोरला भाऊ बँकेत, आणि मी अक्षर वळणदार पण गणितात गचकलेला. भिवंडीत तेव्हा पाट्यांना तोटा नव्हता. नारपोलीत गल्लीगल्लीत लूमचे कारखाने. प्रत्येकाला दारावर नाव हवं, ट्रकवाल्याला मागच्या फाळक्यावर शेर हवा, वाण्याला 'उधार बंद' हवं. आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. दोरी खडूच्या भुकटीत घोळवायची, भिंतीवर दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. टण्णकन सरळ रेघ उमटते. देवनागरी अक्षर त्या रेघेला टांगलेलं असतं. रेघ तिरकी गेली की पुढे कितीही चांगलं लिहा, पाटी दारू प्यायल्यासारखी दिसते. मी रेघेत कधी चुकलो नाही, हे जरा फुशारकीनं सांगतो.

नारपोलीतले माझे उस्ताद देवनागरी, इंग्रजी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्या लिहायचे. मला उर्दू येत नव्हती. मालक कागदावर लिहून द्यायचा, मी ते आकार जसेच्या तसे भिंतीवर उतरवायचो. एकदा मी विचारलं, "उस्ताद, यात काय लिहिलंय ते तरी सांगा." त्यांनी ब्रश न थांबवता सांगितलं, "बेटा, पेंटर का काम लिखना है, पढ़ना नहीं." मला ते फार आवडलं. पुढे मीही ते सगळ्यांना ऐकवू लागलो. आमच्या धंद्याचं ते ब्रीदवाक्यच होतं म्हणा. एका दुकानाची 'शुद्ध तुपाची मिठाई' ही पाटी मी रंगवत होतो आणि मागच्या दारानं डालड्याचे डबे आत जात होते. मी 'शुद्ध'मधला 'द्ध' असा काढला होता की लोक थांबून बघायचे.

मग फ्लेक्स आला. तासाभरात दहा फुटी बोर्ड, त्यावर वाढदिवसवाल्याचा हसरा चेहरा आणि खाली वीस शुभेच्छुक. आमच्यातले निम्मे पेंटर रिक्षा चालवायला गेले. मी टिकलो तो दोन गोष्टींवर. एक म्हणजे गोडाऊन. भाताची खाचरं मातीनं भरून राहनाळपासून पुढे जी गोडाऊनं उठली, त्यांना भिंतीवर आकडे, फरशीवर पिवळे पट्टे, 'धूम्रपान करू नये' असं सगळं हाताचंच काम लागायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे नाक्यावरचा फळा.

फळा मंडळाचा. मासळीबाजाराच्या तोंडाशी, रंगीत खडूनं सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. कॅलेंडरमागचे सुविचार किती वर्षं लिहिणार? एके दिवशी 'दिव्याखाली अंधार' लिहिलं, वर खांबाकडे बघितलं आणि रागानं पुढे जोडलं, 'म्हणून आमच्या गल्लीत दिवाच लावलेला नाही.' संध्याकाळपर्यंत फळ्यापुढे गर्दी. तेव्हापासून दर बुधवारी म्हणीला शेपूट लावायचा रिवाज पडला. बुधवार अशासाठी, की सोमवारी आणि गुरुवारी माणसं उपवासामुळे आधीच चिडलेली असतात, आणि बुधवारी बाजारात मासळी घ्यायला सगळा गाव येतो.

त्या फळ्यानं मला माणसं शिकवली. 'गरज सरो, वैद्य मरो, पण वैद्यही हुशार झालाय, तो गरज सरूच देत नाही,' असं लिहिलं तेव्हा कोपऱ्यावरचे डॉक्टर मला दवाखान्यात बोलावून म्हणाले, "बरं केलंत हो, त्या समोरच्याला चांगला हाणलात." समोरच्यांनी दुसऱ्या दिवशी माझं ब्लडप्रेशर फुकट तपासलं आणि हेच वाक्य कोपऱ्यावरच्यांबद्दल बोलले. निवडणुकीच्या वेळी लिहिलं, 'उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि खोल पाण्याला विचारतो कोण, म्हणून निवडून उथळच येतं.' दोन्ही उमेदवार येऊन हात मिळवून गेले. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं; दोघं एकाच केसमध्ये आत असले तरी,' हे वाचून एक बाई भर बाजारात रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "तुमचं नाही हो काही. माझ्या जावेला वाचायला आणते आता." 'अति तिथे माती, माती तिथे गोडाऊन' हे लिहिलं तेव्हा वाटलं, आता मात्र मार बसणार. ज्यानं सात एकर खाचर भरून गोडाऊनं बांधली होती त्या जमीनदारानं फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला.

म्हणजे म्हण कितीही उलटी करा, माणसाला तिच्यात शेजारीच दिसतो. लेकी बोले सुने लागे म्हणतात ते आमच्या नाक्यावर खोटं ठरलं होतं. लेकीला बोललं की सून हसायची आणि सुनेला बोललं की लेक. मी हे मित्रांना चहा पिताना मोठ्या ऐटीत सांगायचो. माझ्याबद्दलही ते तितकंच खरं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता हरेशबद्दल. त्याची बायको वनिता फळ्यासमोरच मासळी विकायला बसते. खाडीकडची माणसं. हरेश राहनाळच्या एका गोडाऊन कंपाउंडमध्ये ठेकेदाराकडे हमाल होता. सकाळी बाइकवरून वनिताची टोपली उतरवायची आणि ड्युटीवर जायचं हा त्याचा रोजचा क्रम. सातवीत शाळा सुटलेली. बुधवारी तो फळ्यापुढे उभा राहायचा, बोट हवेत धरून एकेका शब्दावरून न्यायचा, ओठ हलवत. आधी मनात वाचून व्हायचं, मग बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मग हसायचा. बायका त्याच्या आधीच हसून मोकळ्या झालेल्या असायच्या.

"अरं, आमचा हसून झाला, आता तू हसतं?" कुणीतरी ओरडायची.

"मना नीट वाचू तर दे," तो म्हणायचा. मग माझ्याकडे वळून, "पेंटरदादा, तुमचा अक्षर मना लांबून कळतं. गोडाऊनात ते छापलेलं असतंय ना, ते न्हाय वाचवत. तुमचा वाचवतं."

चाळीस वर्षांत मला जी शाबासकी मिळाली त्यात हिच्याइतकी मोठी दुसरी नाही. मी त्याच्यासाठी फळ्यावरची अक्षरं थोडी मोठी काढायला लागलो होतो. जोडाक्षरं शक्यतो टाळायचो.

ज्या गोडाऊनची गोष्ट सांगायची आहे त्याचं नाव लिहीत नाही. केस अजून चालू आहे. तिथला मॅनेजर तरुण, बोलायला गोड. तो फळा वाचत असे. सुरक्षा सप्ताह जवळ आला होता, शिवाय कुठलीतरी तपासणी व्हायची होती. मला बोलावून म्हणाला, "काका, आतून जरा सगळं व्यवस्थित करून द्या. समोरपासून मागेपर्यंत छातीच्या उंचीवर हिरवे बाण काढा. मागच्या शटरला लाल रंग, त्यावर पांढऱ्यात 'बाहेर'. आणि वर तुमच्या स्टाइलमध्ये काहीतरी लिहा. कामगार वाचतील, हसतील."

मी दोन दिवस काम केलं. अकरा बाण काढले. तिसऱ्या दिवशी शटर रंगवायला घेतलं. कडेला आलो तर ब्रश अडकला. शटरची पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये वेल्डिंगचे टाके मारलेले होते, दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत. खरखरीत टाक्यांत ब्रशचे केस तुटून ओल्या रंगात चिकटले. आमच्या कामात हे चालत नाही, केस वाळले की डाग राहतो. मी स्टुलावर बसून चिमट्यानं एकेक केस काढला. माझं तोंड त्या टाक्यांपासून वीतभर अंतरावर होतं. चष्मा लावलेला होता. हे मुद्दाम लिहितो आहे.

मॅनेजर फेरी मारायला आला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, हे तर जाम केलंय."

"मागच्या बाजूनं माल चोरीला जायचा, काका. म्हणून मारलंय. तपासणी झाली की कापून टाकू."

"तपासणीवाल्यांनी उघडून बघितलं तर?"

तो हसला. "समोर चहा-नाश्ता ठेवलाय. मागेपर्यंत कोण येतंय?"

मीही हसलो. पेंटरनं लिहायचं, वाचायचं नाही. मग मी शिडी लावली, रेघ मारली आणि शटरच्या वर दीड फुटी अक्षरांत लिहिलं: 'आधी जीवोबा, मग मालोबा.' 'आधी पोटोबा मग विठोबा'ची ही उलट मला त्या शिडीवरच सुचली होती. मी इतका खूश झालो की खाली उतरून दोनदा लांबून बघितलं. मॅनेजरनं टाळी दिली. पुढच्या पाच गोडाऊनचं काम तुमच्याकडेच, असं म्हणाला. जाताना मी त्याला कापायची आठवण केली का? नाही केली. कापलं असेल, असं मी धरून चाललो. खरं तर इतकंही धरलं नव्हतं. ते शटर माझ्या डोक्यातून गेलं होतं, म्हण मात्र होती.

तीन आठवडे गेले असतील. दुपारी जेवून मी गच्चीवर वाळवण बघायला गेलो तर राहनाळच्या बाजूला धूर. आमच्याकडे धुराचा रंग बघून लोक माल ओळखतात. शेजारच्या गच्चीवरून एकजण म्हणाला, "काळा आहे, प्लास्टिक असणार." दुसरा म्हणाला, "सूत असतं तर पांढरा आला असता." मीही काहीतरी अंदाज ठोकला. मग खाली येऊन झोपलो.

संध्याकाळी कळलं. समोरच्या शटरजवळ मीटरच्या पेटीत ठिणगी पडली. पुढच्या भागात काम करणारे पाचजण लगेच समोरून बाहेर पळाले. सहावा मागच्या रांगेत खोके लावत होता. तो आला नाही. मागची भिंत जेसीबीनं पाडली तेव्हा तो लाल शटरला टेकून बसलेला सापडला. ठेकेदारानं त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या गोडाऊनमधून तिथं टाकला होता. त्या जागेत तो नवा होता. हरेश.

मला पहिली आठवण आली ती त्याच्या हवेतल्या बोटाची. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. बायकोला सांगितलं, ओळखीचा होता. तेवढंच सांगितलं.

पुढचं सगळं झटपट झालं. भिंत पडली, शटर वाकलं, भंगारवाला घेऊन गेला. बाण पापुद्रे होऊन गळाले. मॅनेजर माझ्या घरी आला, या वेळी गोड हसला नाही. म्हणाला, "काका, तुम्हालाही जबाबाला बोलावतील. तुम्ही रंगवलंय. आता तुम्ही म्हणालात की शटर जाम होतं, तर ते विचारतील, जाम होतं तर त्यावर 'बाहेर' कसं लिहिलंत? तुम्हीही माझ्याशेजारी उभे राहाल. आठवत नाही म्हणा. वय झालंय तुमचं, कुणी काही म्हणणार नाही."

मी पोलीस ठाण्यात गेलो. अधिकाऱ्यानं विचारलं, "बाण कुठल्या दिशेला होते?" मी म्हणालो, "नक्की आठवत नाही." "शटर उघडत होतं का?" "मी बघितलं नाही, साहेब. मी फक्त अक्षरं लिहिली." त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. माझी सहीसुद्धा वळणदार आहे. पस्तीस वर्षांपूर्वीच्या पाटीतला 'श' कसा वळवला होता हे सांगणारा माणूस मी. त्या दिवशी मला अकरा बाण आठवले नाहीत.

कंपनीनं कागदावर आणलं ते असं: समोरचं दार उघडं होतं, पाचजण त्यातून सुखरूप बाहेर आले, बाण समोरच्या दाराकडेच होते, मयत गोंधळला आणि स्वतःच्या चुकीनं उलट दिशेला गेला. ठेक्यावरचे पाचजण गप्प राहिले. त्यांना त्याच कंपाउंडमध्ये दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. नाक्यावर लोक बोलू लागले, दार समोर उघडं असताना मागे पळाला म्हणजे काय म्हणायचं. एकानं तर माझ्यासमोर मान हलवून म्हण टाकली, "नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी आधीच गेला होता, त्यामुळे फाशी द्यायलाही कुणाला अवघड वाटलं नाही.

पुढे तिथं नवं गोडाऊन उभं राहिलं. आग विझवायचे लाल डबे भिंतीवर ओळीनं लागले आणि उद्घाटनाची पाटी रंगवायला मला बोलावणं आलं. बैल गेला नि झोपा केला, आणि झोप्यावर पाहुण्यांची नावं. मी ताप आल्याचं कळवलं. एवढाच माझा पराक्रम.

वनिता चार महिन्यांनी बाजारात परत बसली. टोपली आता तिचा दीर उतरवून द्यायचा. मी बुधवारी फळा लिहायला जायचो ते ती यायच्या आधी, अगदी सकाळी. तीही एका बुधवारी लवकर आली. माझ्या हातात खडू होता.

"दादा," ती म्हणाली, "एक इचारू? त्याला वाचाय येत व्हतं ना?"

"येत होतं, वनिता."

"तुमचा फळा वाचायचा ना?"

"वाचायचा."

"त्या गोडाऊनात पयल्या दिशी गेला तवा घरी येऊन सांगितलंन. पेंटरदादानं तिथं पन लिवलंय. आधी जीवोबा मग मालोबा. जेवताना मना दोनदा वाचून दाखवल्यागत बोलला. हसला. मंग त्याला बाण कसा न्हाय दिसला?"

मी खडूकडे बघत होतो.

"माझी सासू बोलते, माझा पोर येडा व्हता, अक्कल न्हवती. मुकादम बोलतो दार समोर उघडं नि हा मागं पळाला. मना रोज कुनीतरी बोलतं. मी म्हनते, तो वाचणारा मानूस, तो असा कसा जाईल? तुम्ही काडलेत ना बाण? कुठं जात व्हते?"

तिनं मला सरळ विचारलं होतं. ती पोलीस नव्हती, कंपनी नव्हती. मासळीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकून उभी होती, आणि मला एवढंच विचारत होती की तिचा नवरा मूर्ख होता का. मी म्हणालो, "धूर फार असतो गं. धुरात काही दिसत नाही."

"हां," ती म्हणाली. "धूर असंल." आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मला आजही माझी सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या क्षणाची. जबाबात खोटं बोललो तेव्हा भीती तरी होती. इथं कसली भीती होती?

ती गेल्यावर मी फळ्यावर लिहिलं, 'नाचता येईना अंगण वाकडे.' शेपूट लावायला खडू टेकवला आणि हात पुढे जाईना. या म्हणीला लावायचं शेपूट मला माहीत होतं: अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्यावर सरळ रेघ मीच मारली होती. ते लिहिलं असतं तर लोकांनी वाचलं असतं, हसले असते आणि शेजाऱ्याचा विचार करत घरी गेले असते. मी म्हण तशीच अर्धी सोडून निघालो. दिवसभर लोक विचारत राहिले, "काका, पुढचं कुठाय?" वनितानं ती म्हण वाचली का, मला माहीत नाही. तिला वाचता येतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. वाचली असेल तर मी तिच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला नावं ठेवली, असंच तिला वाटलं असणार. हे मला घरी पोचल्यावर सुचलं. चप्पल न काढता उलट पावली गेलो आणि ओल्या फडक्यानं फळा पुसला. त्यानंतर मी त्या फळ्यावर काही लिहिलेलं नाही.

तरी ठाण्यात जायला मला आणखी कितीतरी महिने लागले. यात शौर्य शोधू नका. मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला आत टाकतील." सून म्हणाली, "टाकू देत. हे असं रात्रंदिवस गप्प बसण्यापेक्षा बरं." ती फार बोलत नाही, म्हणून ते लागलं असावं.

अधिकारी बदलून दुसरे आले होते. मी पहिल्यापासून सांगितलं: अकरा बाण, सगळे समोरून मागे जाणारे, लाल शटर, दोन्ही बाजूंनी टाके, मॅनेजर काय म्हणाला ते, मी काय म्हणालो तेही. जुन्या डायरीत कामाआधी काढलेलं कच्चं रेखाटन होतं, बाणांसकट, ते दिलं.

ते म्हणाले, "आजोबा, आधीच्या जबाबात आठवत नाही असं आहे. आज एकदम कसं आठवलं?"

"तेव्हाही आठवत होतं, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे लिहून घेतलं तर तुमच्यावरही येईल. खोटी साक्ष, आणि ते शटरवरचं 'बाहेर'. कळतंय ना?"

"लिहून घ्या."

त्यांनी लिहिलं. मी एकेक ओळ वाचली, दोन चुका दुरुस्त करून घेतल्या आणि मग सही केली. पुढे काय होईल मला माहीत नाही. मॅनेजरच्या वकिलाचं म्हणणं आहे की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. माझ्यावरचा निर्णय अजून व्हायचाय. जो काही होईल तो मला मान्य आहे.

ठाण्यातून मी रिक्षा करून तडक तिच्या गावात गेलो. बाजाराचा दिवस नव्हता. वनिता पडवीत जाळं झटकत होती, सासू कोपऱ्यात सुकट निवडत बसली होती. मी चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"वनिता, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. बाण मागे जात होते. सगळेच्या सगळे. मागचं शटर वेल्डिंगनं बंद होतं. मला माहीत होतं. त्यावर 'बाहेर' मीच लिहिलं."

तिनं जाळं खाली ठेवलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे बाण मागं जात व्हते?"

"हो."

"समोर आग व्हती, नि तो बाणामागं गेला?"

"हो. अगदी शेवटपर्यंत."

तिनं माझ्याकडून नजर काढून घेतली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिथं उभा आहे हे जणू ती विसरूनच गेली. कोपऱ्यातल्या म्हातारीजवळ जाऊन ती उकिडवी बसली आणि तिचा सुकटीनं माखलेला हात धरून म्हणाली,

"आये, आयकलंस? तुझा पोर येडा न्हवता. तो वाचूनच गेला."